वजनाची शस्त्रक्रिया : जवळच्या दवाखान्यात की पुण्या-मुंबईत?

वय ४२, उंची १६० सेंटिमीटर, वजन ९८ किलो. सात वर्षांपासून मधुमेह, झोपेत मध्येच श्वास अडकणे, दोन्ही गुडघे दुखणारे. डॉक्टरांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरी, सुचवलेली. करायची हे जवळपास ठरलेले. लातूरमधल्या या शिक्षिकेच्या घरी वाद आहे तो कुठे करायची याचा. पिंपरीत राहणारा भाऊ फोनवर म्हणतो, ‘‘ताई, इकडंच ये. इथं मोठी हॉस्पिटलं आहेत, रोज अशी ऑपरेशनं होतात.’’ नवऱ्याचा सवाल वेगळा, ‘‘तिकडं करून घरी आलो आणि रात्री दोन वाजता काही झालं, तर धावायचं कुणाकडं?’’ शेजारच्या काकूंकडे तिसराच पर्याय तयार असतो. शहरातल्याच एका दवाखान्यात महिन्यातून दोनदा पुण्याचे सर्जन येतात. डॉक्टर पुण्याचे आणि घर आपले!

हे घर प्रातिनिधिक आहे, पण असा वाद आज नांदेड, जळगाव, सांगली, चंद्रपूर अशा कितीतरी गावांतल्या घरांत होतो. पूर्वी ही शस्त्रक्रिया महानगरांपुरतीच होती. आता जिल्ह्याच्या ठिकाणीही दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणारे कुशल सर्जन आहेत. वजन कमी करणारी नवी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली, तरी खूप जास्त वजन आणि जोडीला मधुमेह असलेल्या अनेक रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा पर्याय महत्त्वाचाच राहिला आहे. तेव्हा जवळ की दूर, या प्रश्नाचे उत्तर ऐकीव गोष्टींवर सोडून चालणार नाही. त्याविषयी वैद्यकशास्त्राकडे सांगण्यासारखे बरेच काही आहे.

नेमके काय करतात?

सध्या प्रामुख्याने दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया होतात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि उरतो तो केळ्याच्या आकाराचा अरुंद नळीसारखा भाग. ‘बायपास’मध्ये जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. त्यामुळे अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याची सुरुवात वगळून पुढे जाते. दोन्हींत जेवण कमी लागते, शिवाय भूक आणि रक्तातील साखर यांच्याशी संबंधित आतड्यातील संप्रेरके बदलतात. म्हणूनच अनेक मधुमेही रुग्णांची साखर वजन फारसे उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते.

दोन्ही शस्त्रक्रिया पोटावरच्या चार-पाच छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीने होतात. बहुतेक रुग्ण त्याच संध्याकाळी चालू लागतात आणि दोन-तीन दिवसांत घरी जातात. धोका किती? अमेरिकेतील दहा रुग्णालयांतल्या ४,७७६ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या ३० दिवसांत ०.३ टक्के रुग्ण दगावले आणि ४.३ टक्के रुग्णांना मृत्यूसह कोणती ना कोणती गंभीर अडचण आली. म्हणजे शंभरातले पंच्याण्णवहून अधिक रुग्ण पहिला महिना मोठ्या अडचणीविना पार करतात. वाद आहे तो उरलेल्या चार-पाच जणांचे काय होते, याचा. आणि ते चार-पाच कोण असतील, हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

हाताचे कसब मोजता येते

भावाच्या बाजूने पहिला पुरावा मिशिगनमधून येतो. या अमेरिकी राज्यातल्या वीस बॅरिॲट्रिक सर्जननी आपल्या एकेका बायपास शस्त्रक्रियेची चित्रफीत दिली. करणाऱ्याचे नाव न सांगता ती दुसऱ्या सर्जनना दाखवली गेली आणि त्यांनी हाताच्या कौशल्याला गुण दिले. मग हे गुण आणि त्या सर्जनच्या रुग्णांची खरी आकडेवारी शेजारी-शेजारी मांडली. सर्वांत कमी गुण मिळालेल्या चौथ्या हिश्श्यातील सर्जनच्या १४.५ टक्के रुग्णांत गुंतागुंत झाली होती. सर्वाधिक गुणवाल्यांच्या ५.२ टक्के रुग्णांत. मृत्यूचे प्रमाण पहिल्या गटात ०.२६ टक्के, दुसऱ्यात ०.०५ टक्के. हा अभ्यास २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि शस्त्रक्रियेच्या जगात खळबळ उडाली. सगळेच प्रशिक्षित, सगळेच नियमित काम करणारे. तरीही फरक जवळजवळ तिप्पट.

यातला लक्षात ठेवण्याजोगा भाग असा, की कौशल्याचा संबंध सर्जनच्या वयाशी किंवा व्यवसायातल्या वर्षांशी दिसला नाही. तो दिसला कामाच्या संख्येशी. जे ही शस्त्रक्रिया वारंवार करत होते, त्यांचे हात सरस होते. रुग्णालयांच्या बाबतीतही असेच दिसले आहे. अमेरिकेत २००४ मध्ये झालेल्या एका पाहणीत वर्षाला शंभरहून अधिक बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांचे निकाल कमी शस्त्रक्रिया करणाऱ्यांपेक्षा चांगले आढळले.

म्हणून ‘डॉक्टर किती वर्षे जुने आहेत’ यापेक्षा ‘हीच शस्त्रक्रिया वर्षाला किती करतात’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा. उत्तम पित्ताशय काढणारा सर्जन उत्तम बायपास करेलच असे नाही. आणि मोठ्या शहरातला प्रत्येक जण वर्षाला शंभर शस्त्रक्रिया करतो, असेही नाही. जिल्ह्याच्या ठिकाणचा एखादा सर्जन महानगरातल्या चौघांपेक्षा जास्त काम करत असू शकतो. अंतर हा कौशल्याचा पुरावा नव्हे.

पाटी हाही पुरावा नव्हे. अमेरिकेतील ‘मेडिकेअर’ या सरकारी विमा योजनेने २००६ मध्ये अट घातली की बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया केवळ प्रमाणपत्र मिळालेल्या केंद्रांतच करावी. २०१३ मध्ये ती अट काढून टाकली. त्या काळात गुंतागुंत कमी झाली होती खरी, पण ती सगळीकडेच कमी होत होती. अटीमुळे वेगळा फायदा झाल्याचे अभ्यासात दिसले नाही. दूर राहणाऱ्यांना मात्र उपचारासाठी आणखी लांब जाण्याची वेळ आली असती, अशी टीका त्या अटीवर होत राहिली.

अडचण येते तेव्हा कोण जागे असते?

नवऱ्याचा रात्री दोनचा प्रश्नही तितकाच शास्त्रीय आहे. अमेरिकेतील ८४ हजारांहून अधिक रुग्णांच्या मोठ्या शस्त्रक्रियांचा अभ्यास २००९ मध्ये झाला. कमी मृत्यू होणाऱ्या आणि जास्त मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. फरक पुढे होता. गंभीर गुंतागुंत झालेल्या रुग्णांपैकी एका गटात १२.५ टक्के दगावले, दुसऱ्यात २१.४ टक्के. म्हणजे अडचण दोन्हीकडे आली. काही ठिकाणी ती वेळेवर ओळखली गेली आणि रुग्ण वाचला. हा अभ्यास बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियांपुरता नव्हता, पण त्याचा धडा इथे तंतोतंत लागू पडतो.

या शस्त्रक्रियेतली सर्वांत धास्तीची गुंतागुंत म्हणजे स्टेपलरने जोडलेल्या कडेतून होणारी गळती. ती थोड्याच रुग्णांत होते, पण बऱ्याचदा घरी गेल्यानंतर, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उघड होते. दुसरी म्हणजे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे. हीसुद्धा अनेकदा डिस्चार्जनंतर घडते. म्हणजे धोक्याचा काळ संपण्याआधीच दूरचा रुग्ण आपल्या गावी पोहोचलेला असतो.

आणि ही लक्षणे फसवी असतात. जाड पोटात जंतुसंसर्ग झाला तरी पोट लाकडासारखे कडक होईलच असे नाही. ताप नसेलही. सर्वांत आधी बोलते ती नाडी. विश्रांतीतही ठोके मिनिटाला १२० च्या वर राहणे, धाप, डाव्या खांद्यात दुखणे, अकारण बेचैनी. ज्या डॉक्टरांना ही शस्त्रक्रिया परिचित नाही, त्यांना हे गॅसेस किंवा ॲसिडिटी वाटू शकते. एक इंजेक्शन, एक सलाईन, ‘सकाळी बघू’. गळतीच्या रुग्णासाठी ती सकाळ फार उशिराची ठरू शकते.

डॉक्टर पाहुणे असतील तर

शेजारच्या काकूंचा पर्याय वरवर पाहता सगळ्यात सोयीचा. अनुभवी हात आणि घराजवळची खाट. काही ठिकाणी ही व्यवस्था खरोखर चांगली चालते, कारण तिथे बाहेरून येणाऱ्या सर्जनसोबत स्थानिक सर्जन शस्त्रक्रियेत उभा असतो, रुग्णाला आधीपासून ओळखतो आणि गरज पडल्यास पुन्हा दुर्बीण घालण्याची त्याची तयारी असते.

पण जिथे पाहुणे डॉक्टर सकाळी येतात, तीन शस्त्रक्रिया करतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात, तिथे चित्र वेगळे. रात्री खाटेजवळ असतो तो निवासी डॉक्टर. त्याने अशी गुंतागुंत कदाचित पूर्वी पाहिलेलीच नसते. अनुभवी हातांचा फायदा शस्त्रक्रियेच्या दोन तासांपुरता मिळतो, पुढच्या दहा दिवसांचा मिळत नाही. म्हणून इथे विचारायचा प्रश्न असा : डॉक्टर परत गेल्यावर माझी जबाबदारी कुणाची? पुन्हा शस्त्रक्रिया लागलीच तर ती कोण करणार, कुठे करणार? उत्तरात एका माणसाचे नाव यायला हवे. ‘आमची टीम आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.

पहिला महिना आणि पुढची तीस वर्षे

मिशिगनच्या अभ्यासाला पुढे एक जोड मिळाली. त्याच सर्जनच्या बायपास रुग्णांची एक वर्षानंतरची स्थिती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. कुशल हातांच्या आणि कमी कुशल हातांच्या रुग्णांत वजन किती उतरले, रक्तदाब किती सुधारला, रुग्ण किती समाधानी होते, यात फरक आढळला नाही. सर्जनचा हात पहिला महिना सुरक्षित करतो. त्यानंतर काय होते, हे आहार, औषधे, चालणे-फिरणे आणि नियमित तपासणी यांवर ठरते. आणि ही सगळी कामे रुग्ण राहतो तिथेच होतात.

यातले पहिले काम तर डिस्चार्जच्या दिवशीच सुरू होते. खाणे एकदम कमी होते, साखर उतरते. पण इन्सुलिन आणि गोळ्या जुन्याच मात्रेत चालू राहिल्या तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. या मात्रा दर काही दिवसांनी बदलाव्या लागतात. ते काम दूरच्या सर्जनपेक्षा नेहमीचे फिजिशियनच चांगले करू शकतात, अर्थात शस्त्रक्रिया कोणती झाली हे त्यांना कुणी नीट कळवले असेल तर.

त्यानंतर येतात जीवनसत्त्वे. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने आयुष्यभर आणि वर्षातून एकदा तरी रक्ततपासणी. आपल्याकडे शाकाहारी रुग्णांत बी-१२ आणि अनेक स्त्रियांत लोह आधीच कमी असते, म्हणून इथे ढिलाई महागात पडते. बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायामिनची गोष्ट आणखी तातडीची. शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होत असतील तर शरीरातला त्याचा साठा काही आठवड्यांतच संपतो. अशा रुग्णाला थायामिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावातल्या दवाखान्यात अशक्तपणावर ग्लुकोजची बाटली हा सर्रास उपाय असतो. म्हणून ही एक ओळ डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहिलेली असावी.

काही अडचणी वर्षांनी येतात. बायपासनंतर पोटातल्या पोटात आतडे अडकू शकते; मधूनमधून पोटात पिळवटून कळा येतात आणि सीटी स्कॅनमध्ये कधी काही दिसतही नाही. त्याच रुग्णांनी अंगदुखीवरच्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेतल्या तर जोडाजवळ व्रण होतो. स्लीव्हनंतर काहींना छातीत जळजळ आणि घशाशी आंबट येण्याचा त्रास सुरू होतो. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात. शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी लागते.

ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच सांगतात की शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राने किमान दोन वर्षे रुग्णाचा पाठपुरावा करावा आणि त्यानंतर स्थानिक डॉक्टरांच्या साथीने दरवर्षी तपासणी चालू ठेवावी. दोघांपैकी एकाची निवड करायला त्या सांगत नाहीत. दोघांनी मिळून काम करायला सांगतात.

विम्याचा वेगळा काटा

निर्णयात पैशाचा भाग मोठा असतो आणि इथे एक खाच आहे. भारतीयांना कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून भारतीय तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेसाठी बीएमआयची मर्यादा ३७.५, आणि सोबत मधुमेहासारखे आजार असल्यास ३२.५ अशी खाली आणली. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय सूचना तर आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करायला सांगतात. विमा नियामकाच्या नियमांत मात्र अट जुनीच आहे. बीएमआय ४० किंवा अधिक. अथवा ३५ किंवा अधिक आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह. तेही इतर उपाय करून थकल्यावर.

लातूरच्या या शिक्षिकेचा बीएमआय ३८.३ येतो. डॉक्टरांच्या नियमाने त्या सहज पात्र. विम्याच्या नियमाने मात्र मधुमेह आटोक्यात नाही किंवा झोपेतला त्रास तीव्र आहे, हे कागदांवर सिद्ध करावे लागेल. झोपेची तपासणी, मागच्या काही वर्षांचे साखरेचे अहवाल, आहारतज्ज्ञांच्या नोंदी हे सगळे आधी जमवलेले बरे. कॅशलेस सोय कोणत्या रुग्णालयात आहे, यावरही जवळ-दूरचा निर्णय फिरू शकतो.

दूर जाणाऱ्यांनी हिशेबात आणखी काही रकमा धराव्यात. सोबत येणाऱ्याचे राहणे-जेवणे, बुडालेली मजुरी किंवा रजा, वर्षभरातल्या चार-पाच फेऱ्या. आणि जवळ असो की दूर, आयुष्यभराच्या गोळ्या आणि तपासण्या. शस्त्रक्रियेच्या काही लाखांसाठी कर्ज काढून नंतर दोनशे-चारशेच्या गोळ्या बंद करणारी घरेही असतात. ते टाळायचे तर हिशेब आधीच पूर्ण मांडावा.

दोन्हींची सांगड

या सगळ्यातून दिसते ते असे. जवळच्या शहरात ही शस्त्रक्रिया नियमितपणे करणारा सर्जन, चोवीस तास चालणारा अतिदक्षता विभाग आणि सोबत आहारतज्ज्ञ असेल, तर केवळ नावासाठी तीनशे किलोमीटर जाण्यात फारसे हशील नाही. जवळ हे नसेल, तर केवळ सोयीसाठी तिथे राहण्यातही नाही. अवघड प्रकरणात, म्हणजे वजन फार जास्त, हृदय किंवा फुप्फुस कमजोर, आधी झालेली शस्त्रक्रिया दुरुस्त करायची असेल, तर मोठ्या केंद्राकडे कल असावा.

दूर जायचे ठरले, तर तीन गोष्टी आधीच पक्क्या कराव्यात. पहिली, डिस्चार्जनंतर लगेच रात्रीची बस पकडायची नाही. नातेवाइकाकडे किंवा लॉजवर, रुग्णालयापासून जवळ, दहा-बारा दिवस राहायचे आणि सर्जनने तपासल्यावरच निघायचे. प्रवासात तास-दीड तासाने उतरून चालायचे आणि पाण्याचे घोट घेत राहायचे, म्हणजे गुठळीचा धोका कमी होतो. दुसरी, गावातल्या फिजिशियनना शस्त्रक्रियेआधीच विश्वासात घ्यायचे आणि दोन्ही डॉक्टरांचे एकदा फोनवर बोलणे करून द्यायचे. ‘आम्हाला न विचारता बाहेर केलंत’ हा रुसवा डॉक्टरांनाही असतो, आणि रात्री दोन वाजता तो आड येऊ नये. तिसरी, गरज पडली तर जवळचे कोणते रुग्णालय अशा रुग्णाला घेईल, हे आधी विचारून ठेवायचे.

सर्जनना विचारा

• हीच शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला किती करता? मागच्या वर्षी किती जणांना गळती झाली, कितींना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले?
• माझ्यासाठी स्लीव्ह की बायपास, आणि का? माझी इंजेक्शने व गोळ्या आधी किती दिवस थांबवायच्या?
• रात्री अडचण आली तर फोन कोण उचलेल? भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग रुग्णालयातच आहे का?
• दोन वर्षांच्या तपासण्यांचे वेळापत्रक काय? त्यातल्या किती फोन किंवा व्हिडिओवर होतील?
• गावातल्या डॉक्टरांसाठी लेखी सूचना मिळतील का?

आकडे विचारल्यावर चिडणाऱ्या डॉक्टरांपेक्षा ‘मागच्या वर्षी दोघांना गळती झाली, दोघेही वाचले, असे वाचले’ हे सांगणारे डॉक्टर बरे. गुंतागुंत कधी झालीच नाही असे जे सांगतात, त्यांनी एक तर शस्त्रक्रिया फार कमी केल्या आहेत किंवा ते पूर्ण सांगत नाहीत.

लातूरच्या घरातला वाद अशा प्रश्नांपाशी आला तर भाऊ आणि नवरा दोघेही बरोबर ठरतात. भाऊ पहिल्या महिन्याची काळजी करत असतो, नवरा त्यानंतरच्या वर्षांची. ऑपरेशन कुठेही होवो, घरी परतल्यावर फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटलेला असायला हवा. त्यावर शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, सर्जनचा आणि गावातल्या डॉक्टरांचा नंबर, आणि खाली एक ओळ : नाडी १२० च्या वर गेली, धाप लागली किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट पाहू नये.